भाऊबंदकीचं राजकारण : सातारा, कोल्हापूर आणि ताराराणी



भाऊबंदकी हा शब्द आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, आजोबांच्या नावच्या गुंठाभर जागेवरून दोन घरं अशी तुटतात, की एका घरच्या लग्नाला दुसऱ्या घरचं माणूस जात नाही. मुळात भांडण कशावरून होतं ते नातवंडांना माहीतही नसतं, पण "त्यांच्याशी आपलं नाही" एवढं मात्र पक्कं माहीत असतं. आज आम्ही तुम्हाला अशाच एका भाऊबंदकीची गोष्ट सांगणार आहोत. ती एका वाड्यापुरती राहिली नाही. तिच्यातून दोन गाद्या झाल्या, दोन राजधान्या झाल्या आणि कारभाराची सूत्रं तिसऱ्याच्याच हाती गेली. या गोष्टीच्या मधोमध एक बाई आहे. तिचं नाव ताराबाई, आपण तिला ताराराणी म्हणतो.

सुरुवातीलाच एक खूण सांगून ठेवतो. या गोष्टीत एकाच नावाची माणसं बरीच येतात. इथले शाहू महाराज म्हणजे साताऱ्याचे, छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे चिरंजीव. वसतिगृहं काढणारे, आरक्षण देणारे कोल्हापूरचे राजर्षी शाहू हे त्यांच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी जन्मले. दोघांची गल्लत करू नका.

1689 साली मार्च महिन्यात औरंगजेबानं संभाजी महाराजांना ठार मारलं. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. संभाजी महाराजांचे धाकटे सावत्र भाऊ राजाराम महाराज त्याआधीच गडावरून निसटले होते. ते पुढं थेट दक्षिणेत जिंजीला गेले आणि तिथून राज्य चालवू लागले. म्हणजे राजा परमुलखात, राणी आणि युवराज शत्रूच्या छावणीत, गड एकेक करून जातायत, खजिना रिकामा. असं राज्य टिकतं कसं?

ते टिकलं, कारण समोर एकच शत्रू होता. औरंगजेब 1681 च्या अखेरीस दक्षिणेत उतरला आणि मरेपर्यंत परत गेला नाही. पंचवीस वर्षं तो इथंच छावणी करून बसला. गावात दरोडेखोर शिरले की शेजारच्या घराशी असलेलं भांडण त्या रात्रीपुरतं तरी बाजूला पडतं. तसंच झालं. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांचं आपसात पटत नव्हतं, तरी दोघंही मोगलांवर तुटून पडत होते. मात्र त्या काळातसुद्धा त्यांचं वैर विझलेलं नव्हतं, दबलेलं होतं, आणि त्याच वैराच्या पायी पुढं संताजी गेले. समोर शत्रू उभा असला की माणसं एका बाजूला उभी राहतात. पण तेवढ्यावरून त्यांची मनं एक झाली असं धरून चालता येत नाही.

1700 सालच्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. ताराबाई त्यांच्या राणी आणि सेनापती हंबीरराव मोहिते यांची लेक. त्यांचं वय तेव्हा पंचविशीचं होतं. मुलगा शिवाजी चार वर्षांचा. त्यांची सवत राजसबाई, तिचा मुलगा संभाजी दोन वर्षांचा. ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला.

पुढची सात वर्षं बघा. बादशहा स्वतः एकेका गडाला वेढा घालत होता. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले तो घेत गेला. कुठं लढून घेतला, कुठं पैसे मोजून. ताराबाई या गडावरून त्या गडावर हलत राहिल्या. एकीकडं गड जात होते, दुसरीकडं त्यांचे सरदार माळव्यात, गुजरातेत शिरून मोगलांच्याच मुलखातून वसुली करत होते. बादशहाची पाठ वळली की गेलेले गड परत येत होते. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. शत्रूबद्दल त्याच्या लेखणीत गोडवा नाही, पण या बाईची हुशारी, कारभार आणि फौज सांभाळण्याची ताकद त्यालाही लिहून ठेवावी लागली.

3 मार्च 1707 रोजी अहमदनगरजवळच्या छावणीत औरंगजेब मेला. मराठ्यांना एकत्र धरून ठेवणारा शत्रू गेला, आणि खरी भाऊबंदकी इथूनच सुरू झाली.

औरंगजेबाचा मुलगा आझमशहा तख्तासाठी भावाशी लढायला उत्तरेकडं निघाला. त्याच्या छावणीत येसूबाई आणि शाहू होते. शाहू आता पंचवीस वर्षांचे झाले होते. झुल्फिकारखान नावाच्या सरदारानं आझमशहाला सल्ला दिला, की यांना सोडून द्या. हे दक्षिणेत गेले की मराठ्यांची दोन तोंडं होतील आणि आपल्या पाठीमागं ते आपसातच गुंततील. मे 1707 मध्ये शाहूंची सुटका झाली. येसूबाईंना मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतलं. त्या माउलीला परत यायला 1719 साल उजाडलं. तीस वर्षं कैद! आपण शाहूंच्या सुटकेचं बोलतो तेव्हा ती सुटका कुणाच्या कैदेवर उभी होती, हे विसरून चालणार नाही.

आता इकडची बाजू बघा. सात वर्षं जिनं राज्य राखलं, तिच्या दारात एक तरुण येतो आणि म्हणतो, मी थोरल्या घरचा वारस आहे, गादी माझी. थोरल्या भावाचा मुलगा म्हणून त्याचा हक्क खराच होता. ताराबाईंचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं. थोरल्या महाराजांनी कमावलेलं राज्य संभाजी महाराजांच्या वेळी गेलं. ते माझ्या नवऱ्यानं आणि नंतर मी पुन्हा उभं केलं. मग ते माझ्या मुलाचं नाही का? आपल्याकडं नाही का होत, पडीक जमीन एकानं कसायची आणि पीक उभं राहिलं की सातबाऱ्यावरचं नाव दुसऱ्यानं दाखवायचं? दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

ताराबाईंनी दुसरंही एक पाऊल उचललं. हा शाहू नव्हेच, हा तोतया आहे, असं त्यांनी जाहीर केलं. सात वर्षांचं पोर नेलं होतं, अठरा वर्षांनी तरुण परत आला. कोण ओळखणार? मैत्रिणींनो, वैर आलं की पहिला घाव असा ओळखीवर बसतो. समोरचा चुकतोय असं आपण म्हणत नाही, तो मुळात 'तो' नाहीच असं म्हणतो. कारण त्याला खरा मानलं की त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. तोतया ठरवलं की काही ऐकायचं कारणच उरत नाही.

त्या ऑक्टोबरात भीमेकाठी खेडजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंकडून सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी होते. पण हे शाहू खरेच आहेत, अशी धनाजींची खात्री पटली होती. खंडो बल्लाळांसारख्या जुन्या माणसाचंही वजन शाहूंच्या पारड्यात पडलं. धनाजी आतून शाहूंना मिळाले आणि निकाल लागला. 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई दक्षिणेकडं सरकल्या. पन्हाळा-कोल्हापूरकडं त्यांनी आपल्या मुलाची वेगळी गादी मांडली. 1710 पर्यंत मराठ्यांचे दोन छत्रपती झाले होते.

आता या दोन गाद्यांच्या वैरानं सत्तेचं काय केलं ते नीट समजून घेऊ. हा भाग आपल्या कामाचा आहे.

पहिली गोष्ट, शत्रूचं काम सोपं झालं. दिल्लीला नवा बादशहा आला, बहादूरशहा. 1709 साली त्याच्याकडं शाहूंचा वकील सरदेशमुखीची सनद मागायला गेला आणि ताराबाईंचाही गेला. बादशहाचा एक मंत्री म्हणाला यांना द्या, दुसरा म्हणाला त्यांना द्या. बादशहानं कुणालाच दिली नाही. आधी आपसात ठरवा खरा कोण, मग या, असा त्याचा पवित्रा होता. पुढं 1727 मध्ये निजामानंही हाच डाव टाकला. चौथ द्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, तुमच्यात दोन छत्रपती, मी पैसे कुणाला देऊ? त्यानं वसुली अडवली आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरलं. ते मोडायला पहिल्या बाजीरावाला 1728 मध्ये पालखेडला लढावं लागलं. घरचं भांडण चव्हाट्यावर आलं की देणेकऱ्याला हप्ता बुडवायला निमित्त मिळतं.

दुसरी गोष्ट, मधल्या माणसांचा भाव वाढला. सरदारांना वंशपरंपरेच्या जहागिऱ्या देऊ नयेत, अशी शिवाजी महाराजांची रीत होती. राजाराम महाराजांच्या काळात ती सोडावी लागली, कारण तिकडं मोगल वतनाचं आमिष दाखवत होते आणि इकडून काही दिलं नाही तर माणूस जात होता. दोन गाद्या झाल्यावर तर हे फारच वाढलं. साताऱ्यानं रागावून बोललं की कोल्हापूर, कोल्हापूरचं पटलं नाही की निजाम. धनाजींचा मुलगा चंद्रसेन जाधव हा शाहूंचा सेनापती होता. 1711 मध्ये शिकारीतल्या एका हरणावरून त्याचं आणि बाळाजी विश्वनाथाचं भांडण पेटलं. तो उठून ताराबाईंकडं गेला आणि पुढं निजामाकडं. भांडण हरणाचं दिसतं, पण जायला दुसरं दार उघडं होतं म्हणून ते एवढं ताणलं गेलं.

तिसरी गोष्ट, दोघांमध्ये जो निरोप्या असतो, तोच हळूहळू मालक होतो. बाळाजी विश्वनाथ हे आधी धनाजींच्या हाताखाली वसुलीचं काम बघणारे कारकून होते. शाहूंचा पक्ष डळमळीत असताना त्यांनी माणसं जोडली, पैसा उभा केला. कोकणात कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूनं होते. त्यांनी शाहूंच्या पेशव्यालाच पकडून ठेवलं होतं. 1713 मध्ये शाहूंनी बाळाजींना पेशवा केलं. ते कान्होजींकडं बोलणी करायला गेले आणि न लढता त्यांना शाहूंच्या बाजूला घेऊन आले. कर्तबगार माणूस होता यात शंका नाही. पण हे बघा, की दोन घरं भांडत नसती तर मध्यस्थाची एवढी गरज पडली नसती. पेशवाई ही पुढं बाळाजींच्या मुलाकडं आणि नातवाकडं वंशानं गेली. आणि 1750 पर्यंत राज्याची खरी सूत्रं छत्रपतींकडून पेशव्यांकडं गेलेली होती. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपण पोरांना मांजर आणि माकडाच्या गोष्टीत सांगतो. इतिहासात ती अशी घडते.

या सगळ्यात बायकांचं काय झालं, तेही सांगायला हवं.

1714 मध्ये ताराबाईंच्या घरातच उलथापालथ झाली. त्यांची सवत राजसबाई हिनं आपला मुलगा संभाजी याला कोल्हापूरच्या गादीवर बसवलं. ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. तो मुलगा पुढं कैदेतच वारला. जिनं कोल्हापूरची गादी मांडली, तीच त्या गादीची कैदी झाली. बाहेरच्या वैरासाठी घरात जो हट्ट, जो संशय पाळला जातो, तो बाहेरच्यापुरता राहत नाही. एक दिवस तो घरच्या माणसावर उलटतो.

दोन गाद्यांची झटापट चालूच राहिली. कोल्हापूरच्या बाजूचे उदाजी चव्हाण शिराळ्याच्या भागात शाहूंच्या मुलखातून वसुली करत. 1730 मध्ये शाहूंच्या फौजेनं वारणेकाठी संभाजीराजांच्या छावणीवर छापा घातला. संभाजीराजे निसटले. राजघराण्यातल्या बायका हाती लागल्या. त्यांच्यात ताराबाई होत्या, राजसबाई होती, संभाजीराजांची राणी जिजाबाई होती. शाहूंनी इतरांना मानानं परत पाठवलं. ताराबाई मात्र साताऱ्यातच राहिल्या. ज्याला तोतया म्हटलं, त्याच्याच गावी. सवतीच्या कैदेपेक्षा त्यांना शत्रूचं गाव बरं वाटलं.

मग 13 एप्रिल 1731 रोजी वारणेचा तह झाला. वारणा नदी आपल्यातल्या बऱ्याच जणींनी बघितली आहे. सह्याद्रीत उगम पावते, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. आजही तिच्या अलीकडं सांगली जिल्हा आणि पलीकडं कोल्हापूर जिल्हा. तहानं ठरलं, की वारणेच्या दक्षिणेचा तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरचा, उत्तरेकडचा साताऱ्याचा. आणखी दोन अटी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, तुमच्याशी जो वैर करील त्याचा बंदोबस्त आम्ही करू, आमच्याशी जो वैर करील त्याचा तुम्ही करा. आणि दुसरी, एकाकडून रुसून आलेल्या चाकराला दुसऱ्यानं आसरा द्यायचा नाही.

ही दुसरी अट आम्हाला फार मोलाची वाटते. भांडण कशावर जगतं, हे तह लिहिणाऱ्यांनी चोवीस वर्षांत बरोबर ओळखलं होतं. इकडून रुसून तिकडं जाणारा, तिकडचं इकडं सांगणारा माणूस हेच भांडणाचं सरपण. ते दार बंद केल्यावर दोन्ही भावांची पुन्हा मोठी लढाई झाली नाही. त्यांनी एकमेकांवर माया केली असं नाही. त्यांनी हद्द ठरवली, ती कागदावर आणली आणि एकमेकांची माणसं फोडणं थांबवलं.

पण वैराची सवय लवकर सुटत नाही. 15 डिसेंबर 1749 ला शाहू महाराज वारले. त्यांना मुलगा नव्हता. ताराबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होत्या. त्यांनी सांगितलं, माझा एक नातू जिवंत आहे, शिवाजीचा मुलगा, रामराजा, मी त्याला लपवून वाढवलाय. तो गादीवर बसला. पण तो पेशव्यांच्या तंत्रानं वागतोय असं दिसल्यावर, 1750 च्या नोव्हेंबरात, ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. आणि मग म्हणाल्या, हा माझा नातू नव्हेच, हा तोतया आहे. त्यांनी दमाजी गायकवाडांना मदतीला बोलावलं, पण पेशव्यांनी दमाजींचा पराभव केला. शेवटी 1752 मध्ये जेजुरीला खंडोबाच्या देवळात समेट झाला. हा मुलगा आपला नातू नाही, अशी शपथ ताराबाईंनी तिथं घेतली. गंमत बघा, तरीही रामराजा छत्रपती म्हणून राहिलाच, कारण तसं राहणं पेशव्यांच्या सोयीचं होतं. तो नातू होता की तोतया, याचं उत्तर त्याच्या रक्तात कुणी शोधलं नाही. सत्तेला ज्या वेळी जसा हवा, तसा तो ठरला.

9 डिसेंबर 1761 च्या सुमाराला, पानिपत होऊन वर्ष सरत असताना, ताराबाई साताऱ्यात वारल्या. वय शहाऐंशी. त्यांची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आहे. कोल्हापूरला चौकात त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे, करवीर राज्याची संस्थापक म्हणून. पुतळा एका गादीच्या गावी, समाधी दुसऱ्या गादीच्या गावी.

आता आम्हाला एक विचारायचं आहे. ताराबाईंबद्दल बोलताना अनेक जण 'हट्टी', 'महत्त्वाकांक्षी', 'कारस्थानी' हे शब्द वापरतात. धनाजी ऐन लढाईत बाजू बदलतात, ते शहाणपण. चंद्रसेन तीन दारं फिरतो, तो मानी सरदार. निजाम दोघांना झुलवतो, तो मुत्सद्दी. बाई आपल्या मुलाच्या हक्कासाठी चिवटपणे उभी राहते, ती मात्र हट्टी. हे आम्हाला पटत नाही. पण म्हणून ताराबाईंचं सगळं बरोबर होतं असंही आम्ही म्हणणार नाही. नातू म्हणून आणलेल्या पोराला किल्ल्यात कोंडणं बरोबर कसं म्हणायचं? ज्या बाईनं औरंगजेबाला सात वर्षं झुंजवलं, तिची पुढची पन्नास वर्षं घरच्या माणसांशी झुंजण्यात गेली. तेवढी ताकद, तेवढी हुशारी कुठं खर्ची पडली याची आम्हाला हळहळ वाटते. तिच्या शौर्याचा अभिमान बाळगावा आणि हा हिशोबही मांडावा. दोन्ही एकत्र करता येतं.

मैत्रिणींनो, हे सगळं तुम्हाला का सांगितलं? आम्ही गावोगाव गटांचं काम करतो. वर्षभर गट छान चालतात. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, दप्तर, पंचसूत्री सगळी पाळली जाते. मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागते. दोन पॅनेल पडतात. आता निम्म्या जागा बायकांच्या असल्यामुळं दोन्हीकडून उमेदवार म्हणून गटातल्याच बायका उभ्या राहतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या दिवसापासून गावात त्यांची ओळख बदलते. जी काल अध्यक्ष होती, सचिव होती, कुक्कुटपालनवाली होती, ती आज 'वरच्या आळीच्या पॅनेलची' किंवा 'त्यांच्याकडची' होते. ती कशी आहे, काय काम करते, हे कुणी बोलत नाही. ती कुणाच्या विरोधात आहे, एवढंच तिचं नाव उरतं.

निवडणूक एका दिवसात संपते, नाव मात्र चिकटून राहतं. मग एकीचा हप्ता दुसरी घेत नाही. कर्जाची मागणी आली की "तिला कशाला?" होतं. बैठकीला निम्म्या येतात, त्यातल्या निम्म्या गप्प बसतात. बँकेचा माणूस दप्तर बघतो, बैठका कमी झालेल्या दिसतात, पुढचं कर्ज अडतं. आणि ते कर्ज अडलं की गावातला सावकार आणि मायक्रोफायनान्सवाला दारात हजर. निजाम म्हणाला होता ना, तुमच्यात खरं कोण ते आधी ठरवा, तसंच. ज्यांनी पॅनेल पाडली, ती पुरुष मंडळी पुढच्या सोसायटीच्या निवडणुकीला एकत्र चहा पिताना दिसतात. आपण मात्र पाणवठ्यावर एकमेकींशी बोलत नाही.

राजकारणात विरोध असावा. सगळ्यांनी एकाच पॅनेलला मत द्यावं असं आम्ही कधीच म्हणणार नाही. विरोधी बाजू नसली की सरपंचाला विचारणारं कुणी राहत नाही. प्रश्न एवढाच आहे, की विरोध कुठवर न्यायचा आणि हद्द कुठं घालायची. वारणेच्या तहासारखी हद्द आपल्या गटातही घालता येते. काही गटांनी ती घातली आहे, म्हणून सांगतो.

निवडणूक लागायच्या आधीच्या बैठकीत ठराव लिहायचा, आणि तो दप्तरात नोंदवायचा. त्यात असं असावं, की गटाच्या बैठकीत पॅनेलचा प्रचार नाही. गटाचा पैसा, गटाचं नाव, गटाचं बॅनर कुठल्याही पॅनेलला नाही. निवडणुकीच्या महिन्यातही बैठक ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी होणार. कर्जाची मागणी क्रमानं आणि गरजेनंच बघायची. अध्यक्ष किंवा सचिव उमेदवार असेल तर तेवढे दिवस वही आणि शिक्का तिसरीकडं द्यायचा. आणि तहातली ती अट, इकडचं तिकडं सांगून माणूस फोडायचा नाही. बैठकीत कोण काय बोललं हे घरी, पारावर, प्रचारात न्यायचं नाही.

आणखी एक. कुणी एखादीबद्दल "ती आपली नव्हेच" असं म्हणायला लागलं, की जरा थांबून विचारा, हे आजच का आठवलं? काल तिच्याच ताटात जेवत होतो ना? तिनं कर्ज बुडवलंय का, हिशोबात घोळ केलाय का? तसं असेल तर दप्तर काढा, बैठकीत बोला. आणि तसं काही नसेल, फक्त ती त्या बाजूची आहे म्हणून ती परकी झाली असेल, तर हे नाव तिला कुणाच्या सोयीसाठी दिलं जातंय, ते शोधा.

पुढच्या बैठकीत हा लेख कुणीतरी मोठ्यानं वाचा. मग दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गावातलं सगळ्यात जुनं वैर कुठलं, आणि त्याचा फायदा आजवर कुणाला झाला? आणि दुसरा, गेल्या निवडणुकीनंतर आपल्या गटातून कोण कोण यायची थांबली? त्यांची नावं लिहून काढा. त्यांच्या घरी दोघीदोघींनी जा, दोन्ही बाजूंची एकेक. आधी बचतीचं बोला, निवडणुकीचं नंतर.